गाडी खालून बघणारे अण्णा

बबनराव कोंढरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गुडघ्यापासून खाली. कारखान्याच्या तपासणी विभागात रुजू व्हायला गेले, तेव्हा शेडमध्ये एक पांढरी सेडान उभी होती आणि तिच्याखालून दोन बूट बाहेर आले होते.

"कोंढरे साहेब कुठे भेटतील?" मी बुटांना विचारलं.

"हितंच हाय. बसा वाकून."

मी शनिवार पेठेतली. इंजिनिअरिंगची कोरी करकरीत पदवी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलेली. गाडीखाली वाकायची सवय नव्हती, पण वाकले. खोक्याच्या चपट्या केलेल्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून पन्नाशीचे एक गृहस्थ बॅटरीच्या उजेडात वेल्डिंग तपासत होते. माझं नाव विचारून झाल्यावर म्हणाले, "मेघाताई, ध्यानात ठेवा. गाडी खालनं बघायची आन् माणूस मागनं. समोरनं दोघंबी रंगवलेली असत्यात."

सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. जुन्या कात्रज गावातलं शेतकऱ्याचं घर. आयटीआय करून ते वेल्डर म्हणून लागले आणि चढत चढत मुख्य तपासनीस झाले. त्यांची सही झाल्याशिवाय गाड्यांची खेप दाराबाहेर पडत नसे. वाटणीची जमीन थोरल्या भावाने बिल्डरला दिली आणि एक परदेशी सेडान घेतली. ती घरासमोर कापड घालून उभी असायची. भाऊ पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायचा, "बबन्या गाड्या करतो, फिरतो मी." अण्णा कंपनीच्या बसने जात-येत. त्यांना या बोलण्याचा राग येत नसे. "गाडी चांगलीच हाय त्याची," ते सांगायचे. "चांगल्याला चांगलं म्हणायला आपल्या बापाचं काय जातं?"

मी लागले त्याच वर्षी कंपनीने अभ्यासासाठी तशीच एक परदेशी सेडान विकत आणली. ती पूर्ण उकलायची आणि आपल्या सेडानशी एकेक भाग ताडून बघायचा, हे काम अण्णांकडे आलं आणि मदतीला मी. पहिल्या दिवशी त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही गाड्यांची दारं एकामागून एक लावली. "परदेशी कुठली?" पहिल्या दाराचा आवाज गंभीर, भरदार होता. मी म्हटलं, पहिली. डोळे उघडले तर पहिलं दार आपल्या गाडीचं होतं.

"म्हणजे आपली चांगली?" मी खूश होऊन विचारलं.

"आवाज चांगला," अण्णा म्हणाले. "आवाज काय, आत नमद्याचं जाड कापड भरलं की येतो. दार उकलूस्तवर काय बोलू नका."

दोन महिने आम्ही स्क्रू न् स्क्रू उकलत होतो. परदेशी गाडीचा गिअर लोण्यासारखा पडायचा, ते त्यांनी पहिल्याच पानावर लिहायला लावलं. आपला एसी मे महिन्याच्या उन्हात तिच्यापेक्षा लवकर गार करतो, आपल्या खड्ड्यांत आपलं सस्पेन्शन जास्त टिकतं, तेही लिहायला लावलं. आपल्या गाडीला उगाच नावं ठेवणारा आणि उगाच डोक्यावर घेणारा, दोघांवरही ते सारखेच खवळायचे.

एकदा कारखान्याचे नवे प्रमुख शेडमध्ये आले. मोठा माणूस, बाहेर शिकलेला. परदेशी गाडीच्या उघड्या ढाच्याकडे बघून उसासा टाकत म्हणाले, "हे फिनिशिंग आपल्या लोकांच्या हातात नाही, कोंढरे."

अण्णांनी त्यांच्या हातात बॅटरी दिली. "साहेब, ह्यो तिचा सांधा. ह्यो आपला. बोट फिरवून बगा." साहेबांनी बोट फिरवलं. आपला सांधा जास्त सफाईदार होता, ते त्यांनाही कळलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "हात कमी पडत न्हाईत, साहेब. माल कमी पडतो. आन् कुठला माल घालायचा ते हात ठरवत न्हाईत."

साहेब हसले, पण त्या दिवसापासून अण्णांकडे बघायची त्यांची नजर बदलली.

माल म्हणजे काय, ते मला पुढच्या आठवड्यात समजलं. गाडीच्या दाराच्या आत, दोन पत्र्यांच्या मध्ये, एक आडवा पोलादी दांडा असतो. बाजूने दुसरी गाडी आदळली तर आतल्या माणसाच्या बरगड्यांआधी हा दांडा मार खातो. अण्णांनी टेबलावर तीन दांडे मांडले. परदेशी गाडीतला, आपण परदेशात पाठवतो त्या आपल्या गाडीतला आणि आपण इथे विकतो त्या आपल्या गाडीतला. पहिले दोन जवळजवळ सारखे होते. तिसरा मी एका हाताने सहज उचलला.

"एकच शेड, एकच वेल्डर, एकच डिझाइन," अण्णा म्हणाले. "निस्तं गिऱ्हाईक दुसरं."

त्यांनी वरती टिपण पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: इथल्या गाडीतला दांडा नियमात बसतो. ते खरंच होतं, बसत होता. अण्णांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. त्यांच्याकडे तिसऱ्या दांड्याला नापास करायला कागदावर कारणच नव्हतं. ते सह्या करत राहिले. पण सही करताना पूर्वी ते बोलत असायचे, ते बंद झालं.

मग पत्रकारांना बोलवायचं ठरलं. आपली सेडान आणि परदेशी सेडान, दोन्ही शेजारी शेजारी चालवून दाखवायच्या. प्रमुखांनी अण्णांना सांगितलं, चांगली गाडी निवडा. अण्णा म्हणाले, "ओळीतली डोळं झाकून कुठलीबी उचला. जी विकता तीच दाखवा." गाडी निवडण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. आपल्यासारखंच उजव्या हाताला स्टिअरिंग असणाऱ्या एका देशात निघालेल्या खेपेतली एक गाडी बाजूला झाली. कागदपत्रं मी भरली. मला माहीत होतं ती कुठली गाडी आहे.

त्या दिवशी ट्रॅकवर मांडव होता, फुलं होती, भजी होती. पत्रकार दोन्ही गाड्या फिरवून आले आणि आपल्या गाडीवर फिदा झाले. एका ज्येष्ठ पत्रकाराने अण्णांचा हात हातात घेतला. "कमाल केलीत. परदेशी गाडीच्या तोडीस तोड! कसं जमवलंत?"

"जमवलं हाय खरं," अण्णा म्हणाले. "पर ही गाडी तुम्हाला शोरूममध्ये मिळायची न्हाई. ही परदेशी लोकांची हाय. तुमची येगळी. दार उकलून बगा, दावतो."

प्रमुख मोठ्याने हसले. "आमच्या अण्णांना चेष्टेची फार सवय!" ते ज्येष्ठ पत्रकार गोंधळले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तपासणीतल्याच ना? हे म्हणतात ते खरं आहे का?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्या बघण्यात. मी खरं तेच सांगणार याची त्यांना खात्रीच होती.

मी म्हणाले, "आमच्या सगळ्या गाड्या नियमानुसारच बनतात."

दुसऱ्या दिवशी बातमी आली, पहिल्या पानावर. देशी गाडी परदेशीला भारी.

अण्णांची चौकशी झाली. मला लेखी जबाब मागितला. मी लिहिलं की कोंढरे यांनी असं विधान केलं, आणि गाडी नियमात बसणारी होती. महिन्याभरात त्यांची बदली कारखान्याच्या मागच्या गोदामात झाली. अपघात झालेल्या गाड्यांचे परत आलेले भाग, अपघाताच्या कागदांसह, तिथे ठेवत. त्यांची खुर्ची मला मिळाली. चष्मा आणि डबा न्यायला ते आले, तेव्हा मी उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "अण्णा, मी खोटं बोलले नाही."

"न्हाई बोलला," ते म्हणाले. "खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, ताई. खोटं पकडता येतं."

गोदामातून दर महिन्याला त्यांचं टिपण माझ्या टेबलावर यायचं. एकेका दाराचं वर्णन: मार कुठून बसला, दांडा किती वाकला. त्यांचं अक्षर शाळकरी, गोल. खाली कधी एखादी ओळ जास्तीची असायची. एकदा होती, 'या दारामागे म्हातारी बसलेली होती. गेली.' ते टिपण घेऊन मी प्रमुखांकडे गेले. त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "दांडा नियमात होता ना?" मी हो म्हटलं. परत येऊन टिपण फाइलला लावलं. पुढचीही लावत गेले.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. त्यांनीच नको सांगितलं म्हणे. मी चौकशी केली नाही. नंतर नियम कडक झाले आणि इथल्या गाडीतही जाड दांडा बसला. कंपनीने मोठमोठ्या जाहिराती लावल्या: आता परदेशी गाडीइतकीच सुरक्षित. या सुधारणेसाठी बक्षीस मिळालं, ते घ्यायला प्रमुखांबरोबर मीही मंचावर होते. त्याच आठवड्यात अण्णा गेल्याचं मला कॅन्टीनमध्ये कळलं. दहावाही होऊन गेला होता.

मी कात्रजला गेले. अण्णांची मुलगी शुभांगी बाहेरच्या खोलीत होती. लग्न झालेली, कडेवर वर्षाचं मूल. तिने मला ओळखलं. कोणतंही वाकडं बोलणं नाही. पाणी दिलं. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, आम्हाला गाडी घ्यायची आहे, सेडान. हे म्हणतात परदेशी घेऊ. काका पण तेच म्हणतात. आता तुमच्या कंपनीची चांगली झालीय म्हणे. खरं काय ते सांगा."

आणि मी सांगत सुटले. नवी गाडी कुठे खरोखर सुधारली, कुठे फक्त जाहिरात सुधारली. परदेशी गाडीत कशाचे जास्तीचे पैसे घेतात आणि त्यातलं काय उपयोगाचं. जुनी घ्यायची झाली तर आमची कुठल्या वर्षाआधीची मुळीच घ्यायची नाही, आणि का. दांड्याचं सांगितलं, मांडवातल्या गाडीचं सांगितलं. एकही शब्द अडला नाही.

शुभांगीने कामाचं तेवढं कागदावर उतरवून घेतलं. मूल झोपलं होतं, त्याला दुसऱ्या खांद्यावर घेत तिने विचारलं, "एवढं तेव्हा सांगायला किती वेळ लागला असता हो?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

तेवढीही लागली नसती.