आमच्या गल्लीतलं पॉम्पेई

मंडळाचे किस्से मांडवाबाहेरच्या चपलांसारखे असतात. दहा दिवसांत ढीग होतो आणि जो तो दुसऱ्याचे घालून घरी जातो. हे मात्र आमचेच. इंदिरानगरचे, यंदाचे.

माझ्या दादानं मोबाइलवर पॉम्पेई पाहिलं. रोमन लोकांचं शहर, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं. माणसं जशी पडली तशीच राहिलेली. "गणपतीला हाच देखावा!"

अध्यक्ष नाना म्हणाले, "अरे, एवढी माणसं मेली आणि आपण लाइटिंग करायचं?"

"नाना, मागच्या वर्षी राक्षस मारला तेव्हा डीजे तुम्हीच लावलात!"

आषाढात दादा गेला. बाइकवरून पडून. मी म्हटलं, देखावा होणारच.

*

राखेसाठी घोटीच्या भाताच्या गिरणीत गेलो. मालकांनी विचारलं, "एवढी राख कशाला?"

"शहर गाडायचंय."

"नाशिक असेल तर आधी सांगा हां, माझी मुलगी तिथं दिलीय!"

*

मेलेले रोमन म्हणजे मी धरून गल्लीतली सात पोरं. अंगाला राख फासून गप पडायचं. पहिल्याच दिवशी बंट्या मेल्या मेल्या घोरायला लागला.

एक आजोबा खूश. "वा! आवाजासकट केलंय!"

*

जायच्या आठवडाभर आधी दादानं नमुना म्हणून स्वतःवरच प्लास्टरच्या पट्ट्या चढवून घेतल्या होत्या. डाव्या कुशीवर, हात तोंडावर. तो पोकळ साचा मी देखाव्याच्या मधोमध ठेवला.

नाना म्हणाले, "हा नको रे. तुझी आई बघेल."

माझं डोकं फिरलं. "मग काहीच नको!" म्हणून राखेचं पोतंच उलटं केलं. पंखा चालू होता!

राख खाली बसली तेव्हा नानांसकट सगळी कमिटी करडी, जागच्या जागी थिजलेली. रस्त्यावरून एक ताई म्हणाल्या, "उभे पुतळे लय भारी जमलेत!"

नाना डोळे पुसत म्हणाले, "ठेव बाबा. ठेव."

*

यंदा आमच्या घरी सण नाही, म्हणून आई मांडवाकडे फिरकली नव्हती. शेवटच्या दिवशी सकाळी आली. आम्ही सगळे पडलेलो. ती थेट प्लास्टरपाशी जाऊन बसली. बघत राहिली. मी श्वास रोखला. नाना लांबूनच हात जोडून उभे.

आईनं त्याच्या तळपायाला बोट लावलं आणि सगळी गल्ली उठवणाऱ्या आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "ऊठ रे, नऊ वाजले!"

आम्ही सातच्या सात मेलेले ताडकन उठून बसलो.