समुद्राची निगेटिव्ह

“हिच्या तोंडाला आमची पेन्सिल पुरायची न्हाय.”

पडद्यापलीकडून स्टुडिओच्या मालकांचा आवाज आला आणि पाठोपाठ दोन गिऱ्हाइकांचं हसणं. मी दिव्यांसमोर स्टुलावर बसले होते. लग्नासाठी दाखवायचा फोटो काढून झाला होता. आता उठून बाहेर कसं जायचं, एवढंच कळत नव्हतं. माझ्या गालांवर देवीचे व्रण आहेत. आणि त्या दुकानात पेन्सिल चालवणारी मीच होते.

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. चित्रकलेचा हात बरा, म्हणून वडिलांनी तिथं टचिंगच्या कामाला लावलं. फिल्म धुवायची, वाळत घालायची, मग उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून मुरुमं, सुरकुत्या, व्रण टोकदार पेन्सिलीनं भरून काढायचे. निगेटिव्हवर भरलं की फोटोत गाल गुळगुळीत. मालक मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचे. मी ‘चमचा’ म्हटलं की माझा ‘च’ गिऱ्हाइकांना करून दाखवायचे. मी बोलणंच कमी केलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: जीभ सुरीसारखी आणि वर आपण सरळ आहोत असा अभिमान. “जे हाय ते हाय,” हे त्यांचं पालुपद. फोटोत टकलावर टोपी मागणाऱ्याला तेच, तिरळ्या नवरीच्या बापालाही तेच. एकदा मलकापूरकडची एक बाई वारलेल्या मुलाचा फोटो घेऊन आली. आपल्या फोटोत तो शेजारी उभा असलेला हवा, म्हणाली. गावातले बाकीचे स्टुडिओ असे जोडफोटो सर्रास करून द्यायचे.

“मावशी, मेलेलं पोरगं हुबं ऱ्हातंय व्हय? मी खोटं जोडत न्हाय.”

ती पायरीवर बसून रडायला लागली. दारातला उजेड अडतोय म्हणून तिला उठवायला त्यांनी मला पाठवलं.

या माणसाला समुद्राचं वेड होतं. वर्षातून दोनदा गडहिंग्लजची एसटी धरून ते पुढे गोव्याकडे जायचे आणि पाण्यात पाऊल न टाकता, वाळूत तासन् तास उभे राहून लाटा टिपायचे. “रंकाळ्याचा काय फोटो काढायचा? तळ्याचं पाणी निजल्यालं असतंय.” परत आले की दोन दिवस बोलण्यातलं विष कमी असायचं. समुद्राच्या निगेटिव्हला पेन्सिल लावायची नाही, हा दुकानाचा नियम होता.

माझ्या फोटोनंतरच्या आठवड्यात ते असेच परत आले. मी फिल्म धुतली. एका निगेटिव्हवर उसळलेली लाट, लाटेवर फळी, फळीवर उघडाबंब गोरा माणूस, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या पायापासून फळीपर्यंत केसासारखी एक रेघ. धुताना माझं नख लागलं असं मला वाटलं. आता आणखी काय ऐकवतील, या भीतीनं मी ती रेघ पेन्सिलीनं भरून टाकली. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच बरं वाटलं.

दोन दिवसांनी तो फोटो मोठा होऊन दर्शनी भिंतीवर लागला. मालक दोघांतिघांना सांगत होते, “फळीवर हुबं ऱ्हाऊन लाटंवरनं येतंय गडी! फळी पायाला बांधलीया दोरीनं. पडला तर व्हावून जायला नको.”

“मग दोरी कुठाय, मालक?”

मालक फोटोजवळ गेले, चष्मा वर केला. “बारीक हाय. आली नसंल.”

मी आत काचेसमोर बसले होते. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाजेमुळे, हे अर्धंच खरं.

गल्लीला विषय मिळाला. “मालक, पुढच्या बारीला म्हस चढवा की फळीवर!” “रंकाळ्यावर पवणारा कापून चिकटवलाय न्हवं?” त्यांच्या जिभेचा मार खाल्लेला प्रत्येक जण मुद्दाम दोरी शोधायला दुकानात येऊ लागला. मी ऐकत राहायचे. ऐकायला वाईट वाटत नव्हतं. शेवटी मालकांनी तो फोटो गावातल्या फोटोग्राफरांच्या प्रदर्शनात लावला. बाहेरचा परीक्षक तो खरा म्हणेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, एवढीच त्यांची आशा होती.

त्या प्रदर्शनानंतर ते समुद्रावर कधी गेले नाहीत. स्टुडिओ बंद झाला, ते वारणानगरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर मला आणखी काही लिहवणार नाही.

परीक्षक पुण्याचे, सभ्य गृहस्थ होते. जोडफोटो असल्याची तक्रार आल्यामुळे त्यांनी निगेटिव्ह मागवली. ती दुकानातून मीच घेऊन गेले. त्यांनी ती खिडकीशी तिरपी धरली. तिरप्या उजेडात पेन्सिलीची चमक लपत नाही.

“इथं हात फिरलाय,” ते म्हणाले. “बरोबर पाय आणि फळीच्या मध्ये. जोड लपवलाय तुम्ही.”

मागून कुणीतरी शीळ घातली. मालक पुढे झाले.

“जोड न्हाय, सायेब. मी जोडत न्हाय.”

“मग ही पेन्सिल कुणाची? टचिंग कोण करतं तुमच्याकडे?”

“ही पोरगी. पर ती न्हाय लावायची समुद्राला हात.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “असा हात अख्ख्या कोल्हापुरात न्हाय, सायेब. आन् खोटं बोलायची न्हाय ती. तिलाच इचारा.”

चार वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल पहिल्यांदा चांगलं बोललेलं मी ऐकत होते. परीक्षक माझ्याकडे वळले. सगळेच वळले. त्या रेघेची हकिकत एका वाक्याची होती आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. मग कधी नव्हे त्या स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले,

“मी फक्त चेहऱ्यांचं टचिंग करते.”