पुरावाबाई आणि माझा उजवा हात

पुरावाबाई कधीच 'नक्की' म्हणायची नाही. आणि स्ट्रोक वॉर्डात पडलेल्या माणसाला, त्यातून माझ्यासारख्या उतावळ्याला, तोच एक शब्द ऐकायचा असतो. चहाची ट्रॉली ढकलणारा म्हणायचा, पुण्याहून फोन करणारी आत्या म्हणायची, माझी बायको शैला तर देवाची शपथ घेऊन म्हणायची, की हात नक्की येणार. ही मात्र म्हणायची, "माहीत नाही, काका. बघू."

ती आमच्या वॉर्डातली थेरपिस्ट. लुळ्या पडलेल्या हातांकडून रोजची कामं पुन्हा करून घ्यायची, ही तिची नोकरी. जन्म इथलाच, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचा, आजोबा कोल्हापूरहून आलेले. मराठी बोलायची, पण स्वतःच्या मर्जीने. एकाच वाक्यात मला 'काका'ही म्हणायची आणि 'तू'ही म्हणायची. शैलाला ते फार लागलं, मला गंमत वाटली. त्या दिवसांत दुसरी गंमत होती कुठे? लाल सिग्नललाही ज्याला धीर धरवत नाही असा मी माणूस, आणि उजवा हात उशीवर परक्यासारखा टाकून छताकडे बघत पडलेलो.

तिचं नाव मी ठेवलं. आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर उपाय पाठवला, हाताला पारव्याचं रक्त चोळा. मी चेष्टेने तो तिला वाचून दाखवला. तिने शांतपणे विचारलं, "पुरावा?" मग जरा थांबून, "आणि त्या पारव्याचं काय, काका?" मी इंटरनेटवर एक यंत्र शोधून काढलं, त्यात हात घालून बसलं की ते तो हलवतं. त्यावरही तेच. "हात हलतो, हो. पण कपडे घालायला, जेवायला जास्त उपयोग होतो असं भक्कम पुरावा नाही." चिडून मी उशी फेकली असती, पण डाव्या हाताने फेकायची सवय नव्हती.

बरं, हे फक्त दुसऱ्यांच्या उपायांना लागू असतं तर एक वेळ चाललं असतं. बाई स्वतःलाही सोडायची नाही. एकदा मनगटाला बांधायची पट्टी दाखवून म्हणाली, "हे मी आधी सगळ्यांना बांधायचे. मग नवीन संशोधन वाचलं आणि बंद केलं." मी म्हटलं, "आणि आधीचे पेशंट?" तिचा चेहरा उतरला. "त्याचं मला त्रास होतं, काका," असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. एका जागी ती टिकायचीच नाही. खुर्ची असली तरी उभीच.

एका गोष्टीवर मात्र तिचा विश्वास होता. "जे काम करायचं आहे, तेच काम करायचं. खूप वेळा. कंटाळा आला की अजून." माझी बोटं जराशी हलायला लागल्यावर तिने माझ्या धडधाकट डाव्या हातावर एक जाडजूड हातमोजा चढवला, म्हणजे झक मारत उजवा वापरावा लागेल. मग विचारलं, "तुला या हाताने काय करायचं आहे?" लोक म्हणे सांगतात, गाडी चालवायची आहे, टायपिंग करायचं आहे. मी म्हटलं, मला वरणभात कालवून माझ्या हाताने जेवायचा आहे.

हसू नका. डाव्या हाताने चमचा धरायला मी साफ नकार दिला होता. शैला घरून डबा आणायची आणि मला भरवायची. इथल्या महाराष्ट्र मंडळातले मित्र भेटायला आले की मी भिंतीकडे तोंड करून भूक नाही म्हणायचो. पन्नाशीच्या माणसाला बायको घास भरवते आहे, हे कुणी पाहू नये म्हणून. लाज वाटायची हो, दुसरं काय!

पुरावाबाईने तेही बंद केलं. "काकू, तू भरवलंस तर हात कधी शिकेल?" शैला बाहेर जाऊन रडली. "नवऱ्याला उपाशी ठेवायचं, हे कुठलं औषध?" म्हणून माझ्यावरच उखडली.

मग सुरू झाल्या लाकडी खुंट्या. चिमटीत धरायच्या आणि भोकात बसवायच्या, दिवसच्या दिवस. त्या जमायला लागल्या, पण ताटातला भात काही चिमटीत राहीना. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मोज्यातल्या हाताने ताट तिच्याकडे ढकललं आणि ओरडलो, "तू जेवून दाखव बघू!"

आणि बया खरंच खुर्ची ओढून बसली. डावा हात मांडीखाली दाबला आणि उजवा माझ्या वरणभातात घातला. काट्याचमच्यावर वाढलेली पोर ती! दोन बोटांनी शितं उचलायला लागली. वरण मनगटावरून कोपरापर्यंत आलं. शैलाला ते बघवेना. "अगं, चिमणी आहेस का तू? चिमटीत काय धरतेस? बोटं जुळव, त्यावर घास घे आणि अंगठ्याने तोंडात ढकल."

ती थबकली. "अंगठा ढकलतो?"

"मग! तुला काय वाटलं?"

बरबटलेल्या हाताकडे बघत ती म्हणाली, "मी काकाला इतके दिवस चुकीचं काम शिकवते आहे. माझं चूक." ना सारवासारव, ना सबब. दुसऱ्या दिवशी खुंट्या गेल्या आणि शैला माझी मास्तरीण झाली. ओला भात, बोटांचा द्रोण, अंगठ्याने ढकलणं, पुन्हा तेच. पुरावाबाई शेजारी उभी राहून शैलाचा शब्द न् शब्द ऐकायची. मला घरी सोडल्यावरही ती येत राहिली. हात हनुवटीपर्यंत यायचा आणि अडायचा. शैलाने कोपराखाली बोट लावलं तरच घास तोंडात जायचा. मी शिव्या घालायचो, कधी अंगठ्याला, कधी पुरावाबाईला. ती दोन्ही ऐकून घ्यायची.

मग तिला मँचेस्टरला विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. शेवटचं यायचं म्हणून आली तेव्हा मी विचारलंच, "आता जाता जाता तरी सांग. हात पूर्ण येणार का?"

"माहीत नाही, काका."

निदान आज तरी खोटं बोलली असती! मी तसं म्हटलंही. तिचे डोळे भरले. "मला पण आवडलं असतं," ती म्हणाली. या पोरीची सवय झाली होती मला. ती गेल्यावर असं खरं कोण सांगणार, या विचाराने मला बसवेना.

शैलाने ताट वाढलं. मी भात कालवला, बोटं जुळवली आणि घास उचलला. शैला सवयीने कोपराकडे हात नेत होती, मी मानेनेच नको म्हटलं. हात वर गेला, पण माझ्या तोंडाकडे नाही, टेबलापलीकडे, पुरावाबाईकडे. "आ कर," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून आ केला. मी अंगठ्याने ढकललं. अर्धा घास तिच्या युनिफॉर्मवर सांडला, अर्धा तोंडात गेला. बराच वेळ ती चावत राहिली. शैला पदराने डोळे पुसत होती.

"अजून एक, काका," ती म्हणाली.

मी दुसरा घास कालवायला घेतला.