त्या सकाळी दाढीवाला कोणी आलाच नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गुरुवारच्या भजनात माइकवर मी जो अनुभव सांगितला, जो ऐकून बऱ्याच जणांनी डोळे पुसले, तो अर्धा खोटा आहे. गाडी बंद पडली हे खरं. आई वाचली हेही खरं. पण पांढऱ्या दाढीचा कोणी माणूस मदतीला आला नव्हता आणि काम होताच दिसेनासाही झाला नव्हता. आल्या होत्या त्या आमच्याच इमारतीतल्या साळवेबाई. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. आजही राहतात.

आईला फुप्फुसांचा जुना आजार आहे. त्या सकाळी तिला श्वास पुरेना. बायको माहेरी गेलेली, रुग्णवाहिकावाले म्हणाले वेळ लागेल. वॉचमनच्या मदतीने आईला खुर्चीतून खाली आणलं, ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरसकट मागच्या सीटवर टेकवलं आणि गाडी सुरू करायला गेलो, तर नुसती टकटक. समोर डॅशबोर्डवर दत्ताची मूर्ती आणि तिच्यामागचा निळा दिवा मिणमिणत होता. गाडी बंद असली तरी देव अंधारात नको, म्हणून तो दिवा मी थेट बॅटरीला जोडून घेतला होता. इलेक्ट्रिशियन नको म्हणाला होता. आईच्या आजारपणात गाडी जागेवरून हलली नव्हती आणि त्या दिव्याने बॅटरी पार पिऊन टाकली होती. मी देवाला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तुझ्यासाठी दिवा लावला आणि तूच माझ्या आईच्या मुळावर उठलास, एवढं तरी कबूल करतो.

भजनातले आमचे दोघं पार्किंगमध्येच उभे होते. एक म्हणाला, "धक्का मारू या का?" ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, हे त्याला मी ओरडून सांगितलं. दुसरा म्हणाला, "नाम घ्या, शांत व्हा." मागे आई माशासारखी तोंड उघडत होती आणि मी शांत व्हायचं!

तेवढ्यात साळवेबाई शाळेत जायला खाली उतरल्या. त्या मराठी शिकवतात. आमच्या भजनाच्या चपला आणि स्पीकर त्यांच्या पार्किंगच्या जागेत असतात, यावरून त्यांनी एकदा सोसायटीत तक्रार केली होती. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. प्रसाद वाटताना आम्ही त्यांचं दार वगळायचो. त्या घेत नाहीत, असं आमचं आम्हीच ठरवलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

त्यांनी मागच्या काचेतून आत पाहिलं. "आईंना परत उचलू नका, सोसणार नाही. दोन बॅटऱ्या जोडायची केबल आहे माझ्याकडे. पाच मिनिटांत नाही झाली, तर मग माझ्या गाडीत घेऊ." त्यांनी आपली गाडी माझ्या गाडीसमोर, तिला टेकणार नाही अशी आणली, बंद केली. माझी बॅटरी फुगलेली किंवा गळत तर नाही ना, ते वाकून बघितलं. लाल चिमटा आधी माझ्या प्लसला, दुसरं टोक त्यांच्या प्लसला. काळा त्यांच्या मायनसला. उरलेला काळा माझ्या हातात होता. घाईघाईने मी तो माझ्या बॅटरीकडे नेला आणि त्यांनी माझं मनगट पकडलं.

"ओ, तिथे नाही! बॅटरीतून गॅस निघतो. ठिणगी पडली तर तोंडावर फुटेल. इथे लावा, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, लांब."

लावला. त्यांची गाडी थोडा वेळ चालू ठेवली, मग मी माझी चावी फिरवली. इंजिन धडधडलं. उलट्या क्रमाने चिमटे काढताना त्यांची नजर निळ्या दिव्यावर गेली. "देवाला रात्री झोपू द्या हो जरा," म्हणाल्या, आपली गाडी बाजूला लावली आणि माझ्या गाडीत मागे आईचा हात धरून बसल्या.

मुलुंडच्या हॉस्पिटलपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "इंजिन बंद करू नका, परत सुरू व्हायचं नाही. तुम्ही आत जा, गाडी मी बघते." मी आत गेलो आणि त्यांना साफ विसरलो. आईचा श्वास ठिकाणावर आल्यावर, दुपारी बाहेर आलो. बाजूच्या गल्लीत उन्हात गाडी उभी होती, इंजिन चालू, साळवेबाई स्टिअरिंगवर वह्या तपासत बसलेल्या. मला बघून एवढंच विचारलं, "बोलतायत का आई?"

अशा बाईला मी भजनात दाढी लावली. बोलता बोलता "एक अनोळखी व्यक्ती" म्हणून गेलो, कारण साळवेबाईंचं नाव त्या सभेत तोंडातून निघेना. समोरून कोणीतरी विचारलं, "पांढरी दाढी होती ना?" मी मान हलवली. पुढच्या गुरुवारी आमच्या प्रमुखांनी त्यात चंदनाचा सुगंधही घातला. चंदन! पेट्रोलचा धूर खात ती बाई गल्लीत बसली होती! ज्यांना दत्त कुठल्याही रूपात येतो हे तोंडपाठ आहे, त्यांना तो तिसऱ्या मजल्यावरून पर्स घेऊन उतरलेला चालत नाही. आणि हा राग मी त्यांच्यावर काढतो खरा, पण पहिली थाप माझीच.

स्पीकर त्यांच्या खिडकीखालीच असतो. त्यांनी सगळं ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आईंना जिना चढवू नका इतक्यात." बस.

आई घरी आल्यापासून एकच विचारते, "ती बाई कुठे रे? तिला चहाला बोलव ना." दिव्याची वायर मी काढून टाकली आहे. मूर्ती तिथेच आहे. त्या सकाळी देव आला होता, याबद्दल मला आज तिळमात्र शंका नाही. त्याने माझं मनगट धरलं, तेव्हा मी ते सोडवून घेतलं नाही. माझी शरणागती एवढीच, आणि तीही नाइलाजाची. तरी त्याने ती मान्य केली, यासाठी मी रोज हात जोडतो.

बाकी आहे ते असं. त्याच माइकवर, त्याच खिडकीखाली, साळवेबाईंचं नाव घेऊन खरं सांगायचं. आणि त्याआधी प्रसाद घेऊन तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवायची, घेणार का ते विचारायला. यातलं अजून मी काहीच केलेलं नाही.