बारा दुकानांची एकच आई

दुकानदारांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहून देणं हा त्याचा धंदा. लिहून देणं म्हणायचं आपलं! कधीकाळी एका दंतवैद्यासाठी चार ओळी खरडल्या, त्याच पुढे दिसेल त्या दंतवैद्याला चिकटवल्या. नाव बदललं, फोन नंबर बदलला, झालं काम. आणि तोरा काय विचारता! खुर्चीत रेलून गिऱ्हाइकाला सांगायचा, "सर्चमध्ये वर यायचं तर मजकूर अस्सल लागतो. एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला, की सर्च त्यातला एक दाखवतं आणि बाकीचे झाकून टाकतं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! घरात सगळे त्याला दीडशहाणा म्हणत. थोरली बहीण तेवढी शहाणा म्हणायची, अर्धं माफ करून.

ताईचं बुटांचं दुकान होतं. ज्यांच्या पायात काही दोष आहे, अशा माणसांसाठी ती मापाचे बूट करायची. समोरचं हॉस्पिटल गावाबाहेर हललं आणि गिऱ्हाईक आटलं. आता वेबसाइट बघून माणसं आली तर दुकान राहील, नाहीतर कुलूप, असं तिने भावाला स्पष्ट सांगितलं. मजकूरही तिनेच लिहून दिला: 'माझ्या आईचा एक पाय आखूड होता. लहानपणी मी तिच्या मागून चालायचे आणि तिचा खांदा कुठे कलतो ते बघायचे. अजूनही मी गिऱ्हाइकाला आधी अनवाणी चालायला लावते आणि मागून बघते.'

वाचून स्वारी खूश. इतकी खूश, की शहराशहरांतल्या बारा बूटवाल्यांना आधी तोच मजकूर विकून मोकळी झाली. ताईचं काय, घरचं काम, होईल सावकाश! तिची वेबसाइट लागली ती सगळ्यांच्या शेवटी.

चार महिने कुत्रं फिरकलं नाही. मग एके दुपारी ताईने आपलंच वाक्य फोनवर शोधून पाहिलं. सगळ्यात वर एक मोठं शोरूम, त्याखाली आणखी दोघंतिघं. ही कुठेच नाही. ती तशीच उठून भावाकडे आली आणि शोरूमचं पान त्याच्यापुढे धरलं.

"ही आपली आई ना रे?"

"अगं, मजकूर इतका झकास होता, वाया कशाला घालवायचा?" तो म्हणाला. "आता सर्चला वाटतंय, उशिरा आलेली तूच नक्कल."

"मग त्यांना काढायला सांग."

"कसं सांगू? अस्सल म्हणून दिलंय त्यांना. माझी अब्रू जाईल!"

अब्रू! नसलेल्या वस्तूची केवढी ती काळजी! तो पुढे सरसावला. "त्यापेक्षा तूच बदल की थोडं. आईऐवजी आत्या घाल. आखूड पायाऐवजी वाकडा कर. मजकूर वेगळा झाला, की बघ कशी वर येतेस!"

ताईने चपला घातल्या आणि ती निघून गेली. तिने एक अक्षर बदललं नाही. दोन महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं.

हातात कसब होतं, म्हणून नोकरी लगेच मिळाली, तीही त्याच मोठ्या शोरूममध्ये. पहिल्याच दिवशी मालकाने तिला शेजारी बसवून घेतलं. भला माणूस असावा, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाई, आमच्या आईचा एक पाय आखूड होता हो. तिच्यामुळेच हे सगळं उभं राहिलं." हजार गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याला ते आता खरंच वाटत होतं.

संध्याकाळी दीडशहाण्याचा फोन आला. मन खात होतं म्हणून नव्हे. शोरूमचं पुढचं कामही आपल्यालाच मिळेल का, ते बघायला.

"काय ताई, मालक कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "आईची आठवण काढून रडला. तू कधी रडलास का रे?"