सव्वीस आणि सवा वीस

आम्ही बडोद्याची मराठी माणसं उंबरठा ओलांडला की गुजराती होतो. भाजी गुजरातीत घेतो, रिक्षावाल्याशी भांडतो गुजरातीत, शेजारच्या बाईंना "केम छो" म्हणतो. मोजतो मात्र मराठीत. वडिलांनी माझ्याकडून पाढे मराठीत घोकून घेतले होते, आणि पुढे शाळा गुजराती असली तरी डोक्यातले आकडे काही बदलले नाहीत. दुकानदार "छव्वीस रुपया" म्हणाला की मी आधी मनात "सव्वीस" म्हणतो, मग पाकीट काढतो. पन्नाशी ओलांडली तरी ही सवय गेलेली नाही. तिच्यामुळे एका माणसाचं दुकान बुडालं, ते इथे लिहायचं आहे.

मी अलकापुरीतल्या एका कंपनीत हिशेबनीस होतो. आवाज बरा होता आणि गुजराती उच्चार स्वच्छ होते, म्हणून सरकारी रेडिओच्या आमच्या शहरातल्या केंद्रावर मला उद्घोषकाचं काम मिळालं होतं. कायमची नोकरी नव्हे. आमच्यासारख्यांना तिथे "कॅज्युअल" म्हणत. महिन्याला सहा ड्यूट्या, त्याही प्रत्येक ड्यूटीचा वेगळा करार करून. सातवी ड्यूटी कधीच मिळत नसे, कारण जास्त दिवस काम दिलं तर माणूस उद्या कायम करा म्हणून कोर्टात जाईल, अशी वरच्यांना भीती. एका ड्यूटीचे पैसे आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलालाही पुरत नसत, आणि तेही तीन-चार महिन्यांनी मिळत. तरी मी अकरा वर्षं केलं. पैशांसाठी केलं असं कुणी म्हणालं तर मला हसू येईल.

आणखी एक नियम होता. कॅज्युअल माणसानं माइकवर स्वतःचं नाव सांगायचं नाही. त्यामुळे अर्धं शहर माझा आवाज ओळखत होतं आणि मला कुणी ओळखत नव्हतं. अपवाद होता आमच्या घंटीवाल्याचा. पिठाच्या गिरणीला आमच्याकडे सगळे घंटीच म्हणतात. फतेगंजच्या मागे नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याची घंटी होती, आणि दळणाच्या डब्यांच्या वर फळीवर रेडिओ. एकदा मी गहू घेऊन गेलो आणि म्हणालो, "जरा जाडं काढा." त्यानं पीठ लागलेल्या भुवया वर केल्या.

"साहेब, काल सांजे साडा पांच वागे तमे हता ने?"

तेव्हापासून मी त्याचा "रेडिओसाहेब". गिऱ्हाइकांसमोर चिडवायचा, "धीमे बोलो, साहेब रेकॉर्ड करे छे." पण माझं दळण रांग मोडून आधी घ्यायचा, आणि रेडिओवर जे सांगितलं जाईल ते त्याला पत्रिकेतल्या मुहूर्तासारखं पक्कं वाटायचं. नदीकाठी दुकान असल्यामुळे पावसाळ्यात त्याचं सगळं लक्ष विश्वामित्रीच्या पाण्याकडे. किती फुटांना पाणी कुठल्या पायरीला लागतं हे त्याला पाठ होतं. म्हणायचा, "चोवीसपर्यंत मी दळत बसतो. चोवीसच्या वर गेलं तर मोटर काढतो."

त्या वर्षी पाऊस लांबला होता, आणि वरचा तलाव भरल्यामुळे पाणी सोडत होते. माझी संध्याकाळची ड्यूटी होती. दुपारच्या सूचनेत पाणी एकोणीस फूट सांगितलं होतं. पावणेपाचला पूर-नियंत्रण कक्षातून फोन आला, आणि ड्यूटी ऑफिसरनं मजकूर उतरवून काचेच्या खिडकीतून चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. तो कायमचा माणूस, पगारी, वयानं माझ्याएवढा. मला "भाऊ" म्हणायचा, गुजराती माणसं मराठी माणसाला जशी थोड्या थट्टेनं म्हणतात तसं.

चिठ्ठीचा एक नियम होता. आकडा आला की तो अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायचा, चेकवर लिहितो तसा. मी हिशेबनीस, अक्षरी रक्कम नसलेला कागद मी कचेरीत कधी हातात धरला नाही. या चिठ्ठीवर फक्त "२६" होतं. मी काचेतून चिठ्ठी दाखवली आणि बोटानं खूण केली. त्यानं घड्याळाकडे हात केला. गाणं संपत आलं होतं. लाल दिवा लागला आणि मी वाचलं, की रात्री आठ वाजेपर्यंत नदीची पातळी इतक्या फुटांपर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे, काठावरच्या लोकांनी सावध राहावं. सगळं गुजरातीत वाचलं. आकडा मात्र तोंडातून मराठी पडला.

छव्वीसच्या ऐवजी सव्वीस.

मराठी कानाला ते बरोबर होतं. गुजराती कानाला ते "सवा वीस" ऐकू आलं. वीस आणि वर पाव. दुपारी एकोणीस होतं, संध्याकाळी सवा वीस, यात कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं.

मलाही आली नाही. पुढचं गाणं लावलं, पाणी प्यायलो. वीसेक मिनिटांनी ड्यूटी ऑफिसर हसत आत आला.

"भाऊ, कोणाचा तरी फोन होता. विचारत होता, सवा वीस के छव्वीस? मी म्हटलं, रेडिओ पर बोलायुं ते साचुं."

 तोंडातला आकडा मला तेव्हा परत ऐकू आला. मी म्हणालो, "माझं चुकलं. परत वाचू द्या, आत्ता, हे गाणं थांबवून."

"असं कसं थांबवणार? दुरुस्ती द्यायची तर मोठ्या साहेबांची परवानगी लागते."

"मग विचारा."

त्यानं केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या घरी फोन लावला. पावसात लाइन बंद होती. परत लावला. मग दिल्लीच्या बातम्या जोडायची वेळ झाली, आणि त्यानंतर माझी ड्यूटी संपून दुसरा उद्घोषक आला. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चिठ्ठी आणा, वाचतो." चिठ्ठी ड्यूटी ऑफिसरनं लॉगबुकात चिकटवली होती आणि लॉगबुक कपाटात गेलं होतं. दुरुस्ती झाली नाही. न झालेली दुरुस्ती कुठल्याही वहीत नोंदली जात नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

घरी आलो तर बायकोनं खालच्या कपाटातली पुस्तकं आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवले होते. म्हणाली, "अहो, बरं झालं सांगितलंत. सव्वीस म्हणजे मागच्या गल्लीत येणारच. मी वहिनींनाही फोन केला दांडिया बाजारात."

"तुला सव्वीस ऐकू आलं?"

"मग काय ऐकू येणार? तुम्हीच म्हणालात ना."

 आठच्या आत पाणी सव्वीस फुटांवर होतं.

घंटीवाल्याच्या दोन्ही मोटरी बुडाल्या. गिऱ्हाइकांचे डबे तरंगत गल्लीच्या टोकाला गेले. सूचना ऐकून तो निर्धास्त झाला आणि मोटरी न काढताच पाचला शटर ओढून नदीपलीकडे भावाकडे गेला होता. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो दगडाच्या पाळ्यांमधला चिखल पत्र्यानं खरवडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तमारी सूचना आवी एटले में घंटी बंध करी, बराबर सांभळवा माटे." नीट ऐकू यावं म्हणून. "साहेब, तमे तो सवा वीस बोल्या'ता."

मी म्हणालो, "मी सव्वीस म्हणालो. मराठीत." आणि म्हणताना मला जाणवलं की हे खरं आहे आणि अगदी निरुपयोगी आहे.

त्यानं खरवडणं थांबवलं. "रेडिओ मराठी क्यारथी थई गयो? कधीपासून?"

आठवडाभरात वर्तमानपत्रांतून पत्रं सुरू झाली. आमच्या करांतून पगार घेता आणि एक आकडा धड वाचता येत नाही. गलेलठ्ठ पगार, पेन्शन, वर सरकारी घरं. जबाबदार माणसाचा पगार कापा. एकानं लिहिलं, मराठी घरांना बरोबर आकडा कळला आणि बाकीच्यांना चुकीचा, हा योगायोग कसा? हे पत्र मी जेवताना वाचलं आणि ताट सारलं. माझा पगार कापायला सांगणाऱ्यांना मला पगारच नाही हे कोण सांगणार होतं. पण वाचता येत नाही, यात खोटं काय होतं?

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. ते बाहेरून बदलून आलेले, हिंदी बोलायचे. मी घरूनच लेखी खुलासा करून नेला होता, मुद्देवार: मी आकडा चुकीच्या भाषेत वाचला, चिठ्ठीवर तो अक्षरी नव्हता, मी खूण केली, वीस मिनिटांनी चूक लक्षात आली, दुरुस्ती देता आली नाही, आणि का देता आली नाही. माझ्या वाट्याचा दोष मी पहिल्या ओळीत लिहिला होता. त्यांनी सगळं वाचून त्या पहिल्या ओळीवर बोट टेकलं आणि कागद उलटा ठेवला.

"आपने मान लिया, अच्छा किया. बाकी का छोड़िए." मग चहा मागवला. "लोग मीटिंग रख रहे हैं. आप चुप रहिए. अगले महीने की लिस्ट मैं देख लूँगा."

मी चहा प्यायलो. तो चहा मी का प्यायलो याचा विचार मी आजवर बराच केला आहे.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. दीडशे-दोनशे माणसं असतील. मी तिसऱ्या रांगेत बसलो. घंटीवाला आला आणि नेमका माझ्या शेजारी बसला. हातांना अजून चिखलाचा वास होता. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, आलेला संदेश अचूक होता, केंद्रानं तो वेळेवर प्रसारित केला. वाचणारी व्यक्ती आमच्या आस्थापनेवर नाही. तात्पुरत्या कराराची माणसं असतात, त्यांच्या व्यक्तिगत चुकीला संस्था जबाबदार नसते.

मागून एक जण ओरडला, "मग त्याचं नाव सांगा."

"नाव गोपनीय आहे. त्या व्यक्तीनं लेखी कबुली दिलेली आहे."

म्हणजे माझ्या खुलाशाची पहिलीच ओळ तिथे वाचली गेली. दुसरी ओळ, तिसरी ओळ, फोनवर विचारणाऱ्याला दिलेलं उत्तर, बंद पडलेली लाइन, कपाटातली चिठ्ठी, काहीच नाही. ड्यूटी ऑफिसर दुसऱ्या रांगेत माझ्या पुढेच बसला होता. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. एका बाईंनी विचारलं, "त्या दिवशी चूक कळल्यावर परत का नाही सांगितलं?" साहेब म्हणाले, "चूक आमच्या लक्षात आणून दिली गेली नाही."

हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं.

घंटीवाल्याला ते तिघं कोण हे माहीत नव्हतं, पण आवाज कुणाचा हे माहीत होतं. त्यानं नाव घेऊन मला उघडं पाडलं असतं तरी चाललं असतं. त्यानं तसं केलं नाही. माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू म्हणाला, "ऊभा थाव ने, साहेब."

मी उठलो नाही. माझ्या खिशात खुलाशाची कार्बन कॉपी होती. पाच ओळी वाचायच्या होत्या, अकरा वर्षं मी हेच करत आलो होतो. पण माझ्या डोक्यात पुढच्या महिन्याची यादी होती. सहा ड्यूट्या. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि निघून गेला. 

एक तारखेला केंद्राच्या फलकावर यादी लागली. तिच्यात मी नव्हतो. पत्र नाही, कारण नाही. जो माणूस आस्थापनेवर नाही त्याला काढायला पत्र लागत नाही. ड्यूटी ऑफिसरला पुढे बढती मिळाली. त्या प्रकरणात केंद्रानं एकच सुधारणा केली असं कळलं: गुजराती मातृभाषा नसलेल्यांना सूचना वाचायला द्यायच्या नाहीत. आकडे अक्षरी लिहिण्याचा नियम तसाच आहे म्हणतात, फलकावर.

दळण मी दुसरीकडे देऊ लागलो. बायको म्हणाली, "घंटीवाल्याकडे का नाही? त्यानं नव्या मोटरी बसवल्यात." मी म्हणालो, तिकडे पीठ जाड निघतं. ती माझ्याकडे बघत राहिली. जाड पीठ मलाच आवडतं.

पाऊस वाढला की मी अजून पुलावर जातो. खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत, नुसते अंक. मागच्या पावसाळ्यात तोही तिथे होता, छत्री घेऊन कठड्याला टेकलेला. रेडिओ त्यानं काढून टाकला आहे हे मला गल्लीत कळलं होतं. त्याची नजर आता अधू झाली आहे. पाणी बघायला आला होता, पण खुणा दिसत नव्हत्या. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं मलाच विचारलं.

"केटलुं थयुं?"

पाणी चौदाच्या खुणेला होतं. मी तोंड उघडलं. त्यानं लगेच हात वर केला.

"मोढेथी नहीं, साहेब. आंगळीथी बतावो."

मी आधी एक बोट दाखवलं, मग चार. त्यानं ती माझ्या हाताजवळ तोंड आणून मोजली, मान हलवली, आणि घंटी उघडायला गेला.