कोनाड्यातली झडती

फौजदारमामा गेल्याची बातमी त्यांचा नातू सायकलवरून घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "आजी, दादाजी नहीं रहे." मग माझ्याकडे बघून तेच पुन्हा मराठीत सांगितलं, जसं काही हिंदीत मला कळलंच नव्हतं. कळलं होतं रे बाबा... फक्त दाराशेजारच्या कोनाड्याकडे बघवत नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्यात तर मामा आले होते. काठी भिंतीला टेकवून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि नेहमीसारखे कोटाचे खिसे रिकामे केले. चष्म्याचं घर, अडकित्ता, रुमाल, कागदात बांधलेली सुपारी, सगळं एकेक करून कोनाड्यात ठेवलं. खिशांची अस्तरं बाहेर ओढून दाखवली आणि म्हणाले, "घ्या झडती." माझ्या सुनेला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. वाटू दे. निघताना मी त्यांच्या वस्तू त्यांच्या हातात दिल्या आणि आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही." त्यांनी मान हलवली आणि नदीवरच्या राजघाटाच्या दिशेनं घरी निघाले.

हे वाक्य त्यांना आधी माझ्या सासूबाई, जीजी, म्हणायच्या. ते आमच्या घरात कसं आलं हे मामा असेपर्यंत लिहायची सोय नव्हती. ते म्हणायचे, "मी गेल्यावर काय लिहायचं ते लिहा, पण खोटं लिहू नका." म्हणून आता लिहिते आहे.

मी तुकईथडहून लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. इंग्रज गेले होते. संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, पण निजामाचं अजून व्हायचं होतं. तिकडून माणसं येतात, हत्यारं येतात, अशी रोज नवी आवई उठायची आणि गावात कुणाच्याही घरात पोलीस शिरायचे. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत मास्तर. गरीब स्वभाव, पण नको तिथे ताठ. एक दुकानदार कंट्रोलचं, म्हणजे रेशनवरचं कापड मागच्या दारानं विकतो, असा अर्ज त्यांनी वरपर्यंत केला होता. त्या दुकानदाराची पोलिसांच्या वरच्या साहेबाशी ऊठबस होती, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. अण्णांनाही होतं. जीजी रोज म्हणायच्या, "साप बिळात असतो तोवर बरा, तुम्ही काठी कशाला घातलीत?" अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

उन्हाळ्याची दुपार होती. जीजी नि मी ओसरीवर पापड लाटत होतो. माझे यजमान नोकरीला खंडव्याला, घरात अण्णा आणि आम्ही दोघी. बूट वाजले म्हणून वर बघितलं तर दारात एक तरुण फौजदार, मागे हवालदार आणि दोन शिपाई. फौजदार म्हणाला, "घराची झडती घ्यायची आहे. मास्तरांनी हत्यारं लपवलीत अशी खबर आहे." माझ्या हातातलं लाटणं तिथेच राहिलं. अण्णा आतून बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. हत्यार सापडलं तर मास्तर तुरुंगात जाणार, नोकरी जाणार, अर्ज तर जाणारच... हे मला त्या वयातही कळत होतं. मला वाटलं, आमच्याकडे काही नाहीच, तर भ्यायचं कशाला? इतकी भोळी होते मी.

जीजी उठल्या. पिठाचे हात पदराला पुसले आणि उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "वॉरंट दाखवा," म्हणाल्या.

"वॉरंट नाही. वेळ गेला तर माल हलवला जातो, अशा वेळी वॉरंटाशिवायही येता येतं."

"येत असेल. पण का येताय ते आधी लिहून ठेवावं लागतं. लिहिलंय?"

फौजदारानं हवालदाराकडे बघितलं. जीजींचं माहेर चळवळीतलं, बेचाळीस साली त्यांच्या वडिलांच्या घराची दोनदा झडती झाली होती. तिथून त्या हे शिकून आल्या होत्या. हवालदार पुढे सरकून म्हणाला, "बाई, सरकारी कामात आडव्या येऊ नका." जीजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. फौजदार ओट्यावर बसला. कागद काढला, टाक काढला... आणि लिहीच ना. ऊन मी म्हणत होतं. त्याच्या मानेवरचा घाम कॉलरीत उतरताना मला दिसत होता. शेवटी दोन ओळी त्याने खरडल्या.

मग जीजी म्हणाल्या, "पंच मोहल्ल्यातले हवेत." शेजारचे सोनारकाका आणि समोरचे अत्तरवाले चाचा, दोघांना बोलावलं. चाचा बिचारे घाबरले होते, पण आले. हवालदार पाय उचलून आत टाकणार, तेवढ्यात जीजींनी हात आडवा केला. "आता आधी तुमची झडती. खिसे रिकामे करा, मग आत या."

हवालदार हसला. "पोलिसांची झडती?"

"इंग्रजाच्या शिपायांनी माझ्या बापाच्या दारात खिसे उलटे करून दाखवले होते," जीजी म्हणाल्या. "आता तर आपलं राज्य आलंय म्हणता. आपल्या शिपायांना लाज वाटते का?"

शिपायांनी फौजदाराकडे बघितलं, त्यानं मान हलवली. त्यांनी खिसे उलटे केले, तंबाखूच्या चंच्या कोनाड्यात ठेवल्या. हवालदारानं कुरकुरत विड्या ठेवल्या. मग सगळे फौजदाराकडे बघू लागले. तो ओट्याशेजारी तसाच उभा होता. हवालदार दबल्या आवाजात म्हणाला, "साहेब, राहू द्या, चला आत." आणि फौजदारानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत दोन काडतुसं होती. ती त्यानं कोनाड्यात ठेवली, विड्यांच्या शेजारी.

"ही सरकारी नाहीत," तो म्हणाला. मग सोनारकाकांकडे वळून, "लिहा पंचनाम्यात. फौजदाराच्या खिशात मिळाली."

अण्णा खांबापाशीच खाली बसले. त्यानंतर झडती झाली, सगळ्या खोल्या बघितल्या, माझी लग्नाची पेटीसुद्धा उघडली आणि शेवटी फौजदारानं स्वतः वाचून दाखवलं, "घरात आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही." तेच ते वाक्य.

अण्णा सुटले. अर्ज पुढे गेला, त्या दुकानाला कुलूप लागलं. काडतुसं वरच्या साहेबानं दिली होती, असं फौजदारानं लिहून दिलं, पण साहेबावर काही शाबीत झालं नाही. हवालदारानं साफ कानावर हात ठेवले. मग सगळं एकट्याच्या अंगावर आलं. आधी नोकरीतून बाजूला बसवलं, नंतर धूलकोटकडच्या जंगलातल्या चौकीवर टाकलं आणि बढती जन्मभर मिळाली नाही. मला त्या हवालदाराचा अजून राग येतो, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षीच्या भाऊबीजेला जीजींनी धूलकोटला माणूस पाठवून त्यांना बोलावून घेतलं. ते आले, आणि उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी आपणहून खिसे रिकामे केले. जीजींनी ओवाळलं. जाताना त्यांच्या वस्तू परत दिल्या आणि तोंडभर हसून ते वाक्य म्हटलं. तेव्हापासून ते आमचे मामा.

जीजी गेल्यावर एकदा मामा मला म्हणाले, "सूनबाई, ती काडतुसं तुमच्या पेटीत ठेवायची होती. लुगड्यांच्या घडीत. नवी सून, तिला कोण विचारणार... असं मला सांगितलं होतं." मी विचारलं, मग बाहेर का काढलीत? "कारण लिहायला बसलो ना, तिथेच अडलो. तोंडानं खोटं सांगता येतं. स्वतःच्या हातानं, त्या बाईसमोर बसून लिहायचं म्हणजे... दोन ओळी लिहिल्या त्या खोट्याच होत्या. तिसरं खोटं जमेना." मग म्हणाले, पोलिसांची आधी झडती हा रिवाज आहे, चांगला आहे. पण मला वाचवलं ते त्या कोऱ्या कागदानं. वॉरंट नसेल तर निदान कारण तरी लिहायला लावा, असं ते प्रत्येकाला सांगायचे, चहाच्या टपरीवरसुद्धा.

एक गोष्ट त्यांना कायम सलायची. जीजींना खिशातलं माहीत होतं की नव्हतं? मी जीजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता, बाई. पक्क्या चोराचा जात नाही. म्हटलं, ह्याला बाहेर काढायला वाट करून द्यावी." हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझी झडती तिनं आधीच घेतली होती."

निरोप मिळाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, पण राजघाटावर न्यायची घाई होती. बायकांची गर्दी, रडारड, मला जवळ जाता आलं नाही, ठरलेलं वाक्य म्हणायचं राहून गेलं. त्यांचा कोट खुंटीवर होता, दोन्ही खिशांची अस्तरं बाहेर लोंबत होती. त्यांच्या सुनेनं लाजून ती आत ढकलली.

घर रंगवायला काढलंय. परवा गवंडी म्हणाला, कोनाडा बुजवून भिंत सपाट करू का? मी नको म्हटलं. सुनेनं विचारलं, "त्यात ठेवायचं काय?" काही नाही. काल संध्याकाळी तो ओल्या फडक्यानं पुसला, आत हात फिरवून बघितला. रिकामाच होता. मग दाराकडे तोंड करून, मामा नीट ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही. या आता."